वाळ्याच्या ताट्या

वर्ध्यात सध्या माझं तोंड बरंच मिरवतंय. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर मी आहे, दोन-तीन मेडिकलच्या काचांवर आहे, आणि आमच्या बोरगाव मेघेच्या चौकात तर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरला खेटून आहे. नाकात नळी घातलेली मी, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'प्रत्येक खोकला टीबी नसतो.' फोटो काढताना नागसेनभाऊ म्हणाले होते, "ताई, थोडं हसा, नाई तं लोकं भेऊन जातीन." मी हसले. त्या फोटोत मी निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसते.

नागसेनभाऊ पोस्टातून रिटायर झालेले. त्यांची बायको याच आजारानं गेली. कुणाला आजार कळेपर्यंत त्या माउलीनं टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा गिळला होता. तेव्हापासून भाऊंनी आमच्यासारख्या पेशंटांचा एक गट केला आणि छातीच्या डॉक्टर सुरभी मॅडमना सोबत घेऊन ते गावोगाव सांगत फिरतात. एका हातात ओला स्पंज, दुसऱ्या हातात वाळलेलं दोडकं. स्पंज दाबून म्हणतात, "फुफ्फुस असं पाह्यजे." मग दोडकं दाबून दाखवतात, ते दबत नाही. "अन् या आजारात असं होते." लोक हसतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडूच आलं, कारण ते दोडकं माझं होतं.

आजाराचं इंग्रजी नाव घ्यायला माझा एक श्वास पुरत नाही, म्हणून मी ते घेतच नाही. मॅडमनी सोपं करून सांगितलं होतं. हवेतल्या एखाद्या बारीक गोष्टीशी, म्हणजे पाखरांच्या पिसांशी, बुरशीशी, कुजलेल्या गवताच्या धुळीशी फुफ्फुसांचं वैर होतं. त्याच घरात दुसरे ठणठणीत असतात आणि आपली फुफ्फुसं मात्र सुजतात. सूज राहिली की ती कडक होतात, आणि कडक झालेलं पुन्हा मऊ होत नाही. तेव्हा वैरी कोण ते शोधायचं आणि घराबाहेर काढायचं. तो घरात असेल तोवर गोळ्यांचा काही उपयोग नाही.

मी पूर्वी अंगणवाडीत सेविका होते. माझी हाक दोन गल्ल्या पलीकडे जायची. आता मी खोलीत असते. ऑक्सिजनच्या मशीनची नळी पलंगापासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पुरते आणि तिथं मी थांबते, दाव्याला बांधलेल्या गाईसारखी. उंबऱ्यावरून मला अंगण दिसतं आणि अंगणात माझे यजमान दिसतात.

यजमानांचं नाव रूपराव. ते कूलर बनवतात. होळीच्या आधीपासून आमच्या अंगणात पत्रा ठोकण्याचा आवाज सुरू होतो, तो पावसाळा लागेपर्यंत. ज्यांनी आमच्याकडचा मे महिना काढलेला नाही, त्यांना कूलर म्हणजे काय ते कळायचं नाही. मोठा पत्र्याचा डबा, आत पंखा, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांच्यावरून पाणी झिरपत राहतं. दुपारी सेहेचाळीस डिग्रीत रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा माणूस जगतो तो या डब्यासमोर. रूपरावांची आई अशाच एका दुपारी उन्हानं गेली. तेव्हा घरात कूलर नव्हता. ते याबद्दल फारसं बोलत नाहीत, पण मला थोडा ताप आला तरी पहिल्यांदा कूलरचं बटण दाबतात.

गिऱ्हाइकाच्या कूलरला ते बाजारातली नवी घास लावतात. माझ्या खिडकीच्या कूलरला मात्र वाळ्याच्या ताट्या, आणि त्याही खास. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून त्यांना अस्सल वाळा मिळाला होता. पाणी पडलं की घरभर असा वास सुटायचा की शेजारणी विचारायला यायच्या. तसा वाळा पुन्हा मिळाला नाही. म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडावर ते माझ्या ताट्या उतरवतात, प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधून माळ्यावर ठेवतात आणि उन्हाळा लागला की पुन्हा चढवतात. धूत नाहीत. धुतलं तर वास जातो, असं त्यांचं म्हणणं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "गिऱ्हाइकाले काई बी लावू, पन नलूच्या खिडकीले असा-तसा माल नाई चालत."

आजार कळला त्या दिवशी मॅडमनी बरेच प्रश्न विचारले होते. घरात ओल आहे का? कोंबड्या? गुरांचा गोठा? कूलर आहे का, साफ असतो का? मी तोंड उघडायच्या आत रूपराव म्हणाले, "मॅडम, मी कूलरचाच मानूस हाओ. आमच्या घरचा कूलर म्हनजे देव्हारा समजा." मॅडम हसल्या आणि पुढं गेल्या. मग कबुतरांचा प्रश्न आला. आमच्या शेजारी मंदाबाईनं कबुतरं पाळली होती, त्यांची खुराडी आमच्या भिंतीला लागून. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. मंदाबाईनं रडत-बोलत कबुतरं माहेरच्या गावी पाठवून दिली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मी मात्र गटाच्या कार्यक्रमांत कबुतरांवर भाषणं देऊ लागले. भाऊंनी माझी गोष्ट पत्रकावर छापली. त्यावर कबुतराचं चित्र आहे, आणि चित्र चांगलं आहे.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मला या एप्रिलमध्ये कळलं.

झालं असं की मेघानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला नागपूरला तिच्या फ्लॅटवर नेलं. तिच्याकडे एसी आहे, पण बिलाच्या धास्तीनं ती तो लावत नाही, पंख्यावरच भागवते. बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये कबुतरंच कबुतरं. पहिल्या दिवशी मी घाबरून खिडकी बंद करून बसले. पण माझा खोकला कमी होत गेला. पुढच्या आठवड्यात मी नळी काढून बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेले आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडून आले. भांडायला श्वास लागतो. तो माझ्याकडे होता.

परत आले तर रूपरावांनी खोली सजवून ठेवलेली. ताट्या भिजवलेल्या, कूलर सुरू, वासाचा घमघमाट. "पाह्य," ते म्हणाले, "तू यायच्या आधी खोली थंडी करून ठेवली." संध्याकाळपर्यंत मला ताप भरला आणि खोकल्यानं बरगड्या दुखायला लागल्या. दुसऱ्या दिवशी ते माल पोचवायला गेले तेव्हा मी कूलर बंद केला. खोली भट्टी झाली, अंगातून घामाच्या धारा लागल्या, पण छाती मोकळी होत गेली. ते आले, "अवं, काऊन बंद केला? लू लागून मरशीन ना," म्हणाले आणि बटण दाबलं. रात्रीपर्यंत मला पुन्हा धाप लागली. मग मी एकदा नळी काढून बाहेरून खिडकीशी गेले आणि ताटीच्या आत बोट घातलं. बोट काळं झालं. धूळ नव्हती ती. चिकट होती, आणि वाळ्याच्या वासाखाली तिला तळघरासारखा दुसरा वास होता.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं नवऱ्याला. सांगणं सोपं असतं हो, ज्याला सांगायचं नसतं त्याला. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा ते ताटीवर हातानं पाणी मारत होते, आईला आंघोळ घालावी तसं. एकदा म्हणाले, "माय गेली तवा मी काई करू शकलो नाई. तुले नाई जाऊ देनार." यावर काय बोलणार होते मी? की तुमच्या आईला उन्हानं नेलं आणि मला तुम्ही नेताय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. मॅडमच्या केबिनमध्ये ते माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसतात. नागसेनभाऊंना फोन केला असता तर ते तासाभरात मॅडमना घेऊन दारात उभे राहिले असते. शिवाय मंदाबाई होतीच, भिंतीपलीकडे, रिकाम्या खुराड्यांसकट.

म्हणून मी एक चोरटा मार्ग काढला. ते बाहेर गेले की कूलर बंद. स्कूटरचा आवाज आला की सुरू. ते घरात असले की मी भिंतीकडे तोंड करून, पदर नाकाशी दाबून पडून राहायची. ते म्हणायचे, "झोप लागली का?" आणि पंख्याचा वेग वाढवायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की उशी फाडावीशी वाटे, आणि त्या रागाची तितकीच लाज वाटायची. मे महिना चढत गेला. गल्लीत चिटपाखरू नाही, दारं-खिडक्या बंद, वर तापलेला स्लॅब, आणि खिडकीतून माझ्यावर येणारा तो थंडगार, सुगंधी वारा. बंद केला तर उन्हानं जीव जाणार, सुरू ठेवला तर श्वासानं. नळी उंबऱ्यापर्यंत. मी कितीदा तरी उंबऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि अंगणात घाम गाळत पत्रा ठोकणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे बघायची. ते वर बघून म्हणायचे, "आत जाय, आत थंडं हाये."

अशात सेलूचा कार्यक्रम आला. एका मंगल कार्यालयात, ऊन कलल्यावर. भाऊंनी गाडीची सोय केली, मी छोटं सिलेंडर घेऊन गेले. रूपराव इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. प्रत्येक कार्यक्रमात ते असतात, माझ्या भाषणाला सगळ्यांत आधी टाळी त्यांची. मॅडम बोलल्या, भाऊंचा स्पंज झाला, दोडकं झालं, लोक हसले. मग मी बोलले. कबुतरांवरच बोलले. शब्द पाठ झालेत आता. बोलताना मला माझीच चीड येत होती.

प्रश्नांच्या वेळी मागून एक मुलगी उठली. मयुरी नाव सांगितलं. पंचविशीची असेल, पण खांदे म्हातारीसारखे वर ओढलेले. ते खांदे मी ओळखते. श्वास खेचून-खेचून तसे होतात.

"काकू," ती मला म्हणाली, "मले बी टीबीच्या गोया देल्त्या. काई फरक नाई. पन आमच्या घरी कबुतरं नाईत. कोंबडी बी नाई. मंग मले हे नसन ना?"

तिला 'नसेल' ऐकायचं होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्या खाली एका म्हाताऱ्याच्या बोटाला मशीन लावून बघत होत्या. मी म्हणाले, "मॅडमना छाती दाखव. घर कसं आहे तुझं?"

"टिनाचं. कूलर-बिलर नाई. दुपारी जीव नुसता घाबरते."

आणि रूपराव उठले. मी त्यांना ओळखते, उठण्याच्या पद्धतीवरूनच कळलं की काहीतरी मोठ्या मनाचं करणार. "पोरी, मी कूलर बनवतो," ते म्हणाले. "तुह्या घरी उद्या एक कूलर आनून लावतो. पैसे नाई पाह्यजे. अन् ताट्या कोन्त्या लावीन सांगू? माह्या बायकोच्या खिडकीच्या. अस्सल वाळा हाये, आता दुनियेत भेटत नाई. हिले दुसऱ्या लावून देईन. हिनं लय दिवस त्याची हवा खाल्ली, आता तू खाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागसेनभाऊंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मयुरीनं दोन्ही हात जोडले, तिचे डोळे भरले होते.

खरं सांगते, त्या टाळ्यांत मला पहिल्यांदा काय वाटलं ते. सुटले, असं वाटलं. ताट्या जाणार. माझ्या घरातून, माझ्या खिडकीतून जाणार, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. रूपराव दुखावणार नाहीत, मंदाबाईला तोंड दाखवता येईल, पत्रकावरचं कबूतर तसंच राहील. फक्त गप्प बसायचं. गप्प बसण्यात तर मी एप्रिलपासून पटाईत झाले होते. मयुरीला कदाचित काही होणारही नाही, तिचा आजार दुसराच असेल, असंही मी मनातल्या मनात म्हणून घेतलं. आणि मग ती पोरगी बसताना खोकली. तोंडावर ओढणी धरून, कुणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळून खोकली.

"नको," मी माइकमध्ये म्हणाले.

टाळ्या थांबल्या नव्हत्या. मी पुन्हा म्हणाले, "नको. त्या ताट्या... नका देऊ तिला." श्वास संपला. सिलेंडरचा काटा बघायला भाऊ धावले, मी त्यांना हातानं बाजूला केलं. "कबुतरं नव्हती. त्या ताट्याच... मला त्यांनीच..." पुढचं वाक्य आलं नाही. येण्याची गरजही नव्हती.

रूपराव अजून उभेच होते. हसू तोंडावर तसंच होतं, कारण ते काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. "काय म्हनून राह्यली?" त्यांनी भाऊंना विचारलं.

मॅडम मंचावर आल्या, माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. ताट्या किती जुन्या, कुठे ठेवता, धुता का, असं विचारत गेल्या आणि मी मान हलवत गेले. नागपूरचंही सांगितलं. मग त्यांनी माइक घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की कूलर वाईट नसतो. ओल्या जुन्या ताट्यांत बुरशी धरते ती वाईट, दरवर्षी ताट्या नव्या लावा, टाकी घासून कोरडी करा. शेवटी म्हणाल्या, "मी त्या दिवशी एका उत्तरावर समाधान मानलं. मी यांच्या घरी जाऊन बघायला हवं होतं." मयुरीला त्यांनी दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं. मी रूपरावांना शोधत होते. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी होती.

ते बाहेर गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले होते. सेलूपासून घरापर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी दोनदा "अजी" म्हणाले. नागसेनभाऊ मध्ये बसून कपाशीच्या भावाबद्दल ड्रायव्हरशी बोलत राहिले, बिचारे.

घरी आल्यावर रूपरावांनी मला हाताला धरून पलंगावर बसवलं, मशीन सुरू केलं, नळी लावून दिली. मग पाना आणि हातोडी घेऊन बाहेर गेले. खिडकीपलीकडून एकेक ताटी निघाल्याचा आवाज येत होता. त्यांनी त्या अंगणात आपटल्या असाव्यात, कारण पलीकडून मंदाबाईचा आवाज आला, "काय होऊन राह्यलं, रूपरावभाऊ?" मग त्यांनी अख्खा कूलर ओढून काढला. खिडकीच्या चौकटीतून बाहेरची सगळी आग आत आली. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "आत या, हात धुवा. नाकाला रुमाल तरी बांधा."

ते आले, पण आत नाही. उंबऱ्याच्या पलीकडच्या बाजूला खाली बसले. हात काळे झाले होते, ते त्यांनी गुडघ्यांवर उलटे ठेवले होते.

"कवापासून मालूम होतं तुले?"

"नागपूरहून आल्यापासून."

"अन् रोज त्याच्यापुढं झोपत होती?"

"तुम्ही बाहेर गेल्यावर बंद करायची."

"अन् मी आल्यावर?"

मी नुसता पदर नाकाशी दाबून दाखवला.

"मले वाईट वाटन म्हनून तू मरून राह्यली होती?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? तेच खरं होतं, आणि मनात कुठेतरी मला त्याचा अभिमानही होता. नवऱ्यासाठी एवढं सोसलं, असा. तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण ते माझ्याकडे बघत राहिले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं. पण आवाज चढला नाही.

"तू गेली असती," ते म्हणाले, "तं मी त्या ताट्या फेकल्या असत्या का? तुह्या खिडकीच्या म्हनून जपून ठेवल्या असत्या. अन् पुढच्या साली नागपूरले नेऊन मेघाच्या खिडकीले लावल्या असत्या."

मी दाराची चौकट धरली. हा विचार मी एकदाही केला नव्हता.